साठ मुलं, एक दिवस आणि किटचे पैसे

आधी प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे गृहस्थ चाकणच्या एका वाहन कारखान्यात डिझाइनमध्ये आहेत. ते आणि त्यांचे सात-आठ सहकारी नारायणगावजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीच्या साठेक मुलांसाठी ‘इंजिनियरिंगची ओळख’ असा एक दिवसाचा कार्यक्रम करणार आहेत. कंपनीनं थोडे पैसे मंजूर केलेत. कोणतं रोबोटिक्स किट घ्यावं आणि मुलांना गोडी कशी लागेल, असं त्यांनी विचारलंय.

मी तंत्रनिकेतनात यंत्र विभागात शिकवते आणि बरीच वर्षं शनिवारी, सुट्टीत शाळांमधून अशी सत्रं घेते. माझ्या मते खरा प्रश्न किटचा नाहीच. त्या दिवशी प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं एखादी गोष्ट करून, ती मोडून, पुन्हा करायला वेळ मिळणार आहे का, हा आहे. तो वेळ मिळणार असेल तर रद्दी कागदसुद्धा पुरतो. नसेल तर लाखाचं किट आणूनही मुलं फक्त टाळ्या वाजवतील.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच मोकळेपणानं सांगते. तुम्ही एकदाच जाणार की वर्षभर महिन्यातून एकदा जाणार, यावर बरंच ठरतं. वर्षभर जाणार असाल आणि शाळेतल्या एखाद्या शिक्षकाला मनापासून रस असेल, तर तिसऱ्या-चौथ्या भेटीपासून सेन्सर, मोटर, मायक्रोकंट्रोलर (यंत्राला सूचना देणारा चिमुकला संगणक) हे सगळं आणायला माझी हरकत नाही. मुलं आठवी-नववीची असती तरी मी वेगळं बोलले असते. जवळपासच्या एखाद्या माध्यमिक शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का, तेही बघा. केंद्र सरकारच्या या योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळेला पाच वर्षांत मिळून २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. म्हणजे तिथे थ्रीडी प्रिंटर, अर्डुइनो नावाचे मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड वगैरे आधीच असतं. ते वापरायला मिळालं तर तुमचे किटचे पैसे वाचतील. पण एकच दिवस आणि साठ मुलं असतील तर किट नको. अगदी स्पष्ट सांगते, नकोच.

कारण असं. किटसोबत एक चित्रांची पुस्तिका येते. पहिल्या चित्रात हे चाक इथे, दुसऱ्या चित्रात ही वायर तिथे. शेवटी रोबोट काळ्या पट्टीवरून चालतो. मुलं खूश, मुख्याध्यापक खूश, फोटोही छान. पण हे पाकिटावरची कृती वाचून गुलाबजाम करण्यासारखं आहे. गुलाबजाम होतात, चांगलेही होतात, पण काय किती घ्यायचं हे पाकीटवाल्यानं आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही डिझाइनमध्ये आहात. तुमच्या कामात जोडणी किती आणि ‘हे असं का करायचं’ यावरचा वाद किती, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. किटमध्ये नेमका तो वाद कुणीतरी आधीच करून संपवलेला असतो. शिवाय साठ मुलांसाठी तुम्ही फार तर दहा किट घ्याल. म्हणजे एका किटभोवती सहा जण. त्यातले दोघे जोडणार, एक पुस्तिका धरणार आणि बाकीचे खिडकीबाहेर बघणार. आणि तुम्ही गेल्यावर ती दहा किटं कपाटात जातात. किल्ली एका बाईंकडे असते, त्यांची बदली होते. शाळेला दोष देत नाही मी. साठ मुलांच्या हजेरीपासून पोषण आहारापर्यंत सगळं सांभाळणाऱ्या माणसानं हरवलेल्या स्क्रूचा हिशेब कुठे ठेवायचा?

आता मी काय केलं असतं ते सांगते. सकाळचं सत्र कागदी पुलाचं. अगदी जुना प्रयोग आहे, तुम्ही केलाही असेल. पण तो कसा घेतला जातो, त्यावर सगळं आहे.

तीन-तीन मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला एक ए-फोर कागद. पुस्तकांच्या दोन चवडी २० सेंटीमीटर अंतरावर. त्यांच्यावर कागद टाकून पूल करायचा आणि मधोमध वजन ठेवत जायचं. वजनाला तुमच्या कारखान्यात मिळतील तसले एकाच मापाचे नट आणा. एक नट किती ग्रॅमचा, ते मुलांसमोर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजा. हा आकडा फळ्यावर लिहिला की नटांच्या गमतीचं मोजमाप होतं.

सपाट कागद स्वतःच्याच वजनानं झोळ खातो, घसरून पडतो. दहा मिनिटांत कुणीतरी कागदाला पंख्यासारख्या घड्या घालतंच. सांगावं लागत नाही. घड्यांचा कागद एखादी वही सहज पेलतो आणि वर्गात आरडाओरडा सुरू होतो. बहुतेक कार्यक्रम इथेच संपतात. कुणाचा पूल जिंकला, टाळ्या, बक्षीस, पुढचा उपक्रम. माझ्या हिशेबानं इंजिनियरिंग इथे सुरू व्हायला हवं. म्हणून दीड तासाच्या सत्रात पहिल्या प्रयत्नाला पंचवीस मिनिटं आणि दुसऱ्याला निदान चाळीस मिनिटं ठेवा. दुसऱ्या प्रयत्नाचा वेळ काहीही झालं तरी कापू द्यायचा नाही. पाहुण्यांचं स्वागत लांबलं, तर भाषण कापा.

दोन्ही प्रयत्नांच्या मध्ये एकच काम: पूल *कसा* पडला ते बघायचं. किती नटांना पडला ते सगळे सांगतात, कसा पडला ते कुणी बघत नाही. मोबाइलवर संथगती चित्रण करा आणि त्या गटालाच दाखवा. साधारण तीन प्रकार दिसतात. कुठे घड्या बाजूला पसरून कागद परत सपाट होतो. कुठे पूल टेकूपाशीच चेपतो. तर कुठे पूल शाबूत असतो, पण आडवा कलंडतो आणि नट सांडतात. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. घड्या पसरत असतील तर खालून एक पट्टी चिकटवायची. टेकूपाशी चेपत असेल तर मधल्या भागाला हात लावायची गरजच नाही. कलंडत असेल तर पूल रुंद करायचा किंवा नट नीट मध्यावर ठेवायचे. सहावीतल्या मुलीला हे कळतं. तुम्ही फक्त ‘आधी कुठे वाकलं?’ एवढंच विचारायचं आणि गप्प राहायचं.

दुसऱ्या प्रयत्नाला माझे दोन नियम आहेत. एका वेळी एकच बदल करायचा. आणि बदल करण्याआधी आता काय होईल असं वाटतं, ते कागदावर एका वाक्यात लिहायचं. दुसऱ्या नियमाचा मुलांना कंटाळा येतो, पण सोडू नका. अंदाज चुकला की मूल चिडतं, आणि चिडलेलं मूल पुन्हा बघायला लागतं.

इथे एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. मुलांना वाटतं, घडी जितकी उंच तितका पूल दणकट. थोडं खरं आहे. फूटपट्टी आडवी धरून वाकवा, मग तीच उभी धरून वाकवायला सांगा. पट्टी ३० मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड असेल, तर उभी असताना ती शंभरपट ताठ असते. रुंदी आणि जाडी यांचं गुणोत्तर दहा, त्याचा वर्ग शंभर. हे समीकरण मुलांना देऊ नका, नुसतं हातानं वाकवून बघू द्या. पण मग एखादा गट चार सेंटीमीटर उंचीच्या दोनच घड्या घालतो, आणि पूल आधीपेक्षा लवकर पडतो. कारण आता घडीची भिंतच इतकी उंच आणि पातळ झाली की ती मुरडते. म्हणजे बुटकी घडी वाईट, फार उंच घडीही वाईट, आणि मधली बरोबर उंची कुठली ते कुणी सांगू शकत नाही, करून बघावं लागतं. एवढं एका सकाळी मुलांना दिसलं तर मी म्हणेन तुमचा दिवस सार्थकी लागला.

आणखी एक भर घालते, कारण तुम्ही कारखान्यातले आहात. कागदाला आणि चिकटपट्टीला खोटी किंमत लावा. कागद दहा रुपये, चिकटपट्टी सेंटीमीटरला एक रुपया. मग सगळ्यात जास्त नट पेलणारा पूल न काढता, रुपयामागे सगळ्यात जास्त नट पेलणारा पूल काढा. वर्गाचं चित्र पालटतं. पाच मिनिटांपूर्वी पट्टीची अर्धी गुंडाळी वापरणारा गट आता पट्टी सोडवायला लागतो. शेतकऱ्यांच्या घरातल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. ठिबकच्या नळीला किती खर्च आणि त्यातून पीक किती, हे बोलणं त्यांनी घरी ऐकलेलं असतं.

दुपारच्या सत्रासाठी तुमच्या शाळेचं ठिकाण सोन्यासारखं आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे, अवकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी पकडणारी मोठी दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या चौदा खोडदच्या आसपास एकत्र आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. तुमच्या शाळेतल्या मुलांनी त्या येता-जाता बघितलेल्या असणारच. त्यांना एवढंच विचारा: तबकडी भरीव पत्र्याची का नाही? आरपार आकाश का दिसतं?

मग प्रयोग. पुठ्ठ्याचा एक तुकडा आणि तेवढ्याच मापाचा तारेच्या जाळीचा एक तुकडा टेबलफॅनसमोर दोऱ्यानं टांगा. पुठ्ठा वाऱ्यानं चांगलाच मागे उडतो, जाळी जेमतेम हलते. ४५ मीटरची तबकडी भरीव केली असती, तर पावसाळ्यातल्या वाऱ्यात तिला धरून ठेवायला सांगाडा किती जाड लागला असता, आणि तो सांगाडा फिरवायला मोटर केवढी, हे पुढचे प्रश्न मुलंच विचारतात. मग त्यांना सांगा की ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताणलेल्या दोरखंडांवर बारीक स्टीलच्या तारांची जाळी बसवायची कल्पना काढली. जाळीची भोकं तबकडीच्या मध्याकडे एक सेंटीमीटरची, कडेला दोन सेंटीमीटरपर्यंत मोठी. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी पकडते त्यांची लांबी वीसेक सेंटीमीटरपासून दोनेक मीटरपर्यंत असते, त्यामुळे इतक्या लहान भोकांचा त्यांना पत्ताही लागत नाही. लहरींना तबकडी भरीवच वाटते, वाऱ्याला मात्र ती पोकळ. तबकडी हलकी झाली, स्वस्त झाली, म्हणून तीस उभारता आल्या. सकाळच्या रुपयामागे किती नट या खेळाचं हे मोठं रूप आहे, ते जोडून द्यायला विसरू नका. आणि २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला शाळांच्या प्रयोगांचं प्रदर्शन भरतं, त्यात यातला एखादा गट उतरवता आला तर तुमच्या एका दिवसाला आपोआप पुढचा टप्पा मिळतो.

वेळ उरला तर त्रिकोण-चौकोनाचा खेळ घ्या. काडेपेटीच्या काड्या, गूल खरवडून टाकलेल्या, आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी. नळीच्या तुकड्यानं काड्या जोडायच्या. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण हलत नाही. हा खेळ अरविंद गुप्तांचा. आयआयटी कानपूरमधून निघून ते पुण्यात टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, ट्रकच्या कारखान्यात नोकरीला लागले. १९७८ मध्ये वर्षभराची रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले, आणि काड्या-नळ्यांचा हा खेळ त्याच काळातला. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांनी मुलांसाठी वर्षानुवर्षं खेळणी बनवली. तुमच्याच धंद्यातला माणूस, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता कार्यकर्त्यांविषयी, कारण कार्यक्रम बिघडतो तो बहुधा आपल्याच माणसांमुळे. तुमचे सहकारी हुशार आहेत, हात चांगला आहे, आणि मुलाचा पूल पडताना बघून त्यांचे हात शिवशिवणार. आधीच सांगून ठेवा: मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही. दाखवायचंच असेल तर स्वतःचा वेगळा कागद घ्या. आमच्या सत्रांत नवीन कार्यकर्त्याला मी हात मागे बांधून उभं राहायला सांगते, गमतीनं, पण उपयोग होतो.

मुलींकडे वेगळं लक्ष द्या. मिश्र गटात पहिल्या पाच मिनिटांत कात्री आणि चिकटपट्टी मुलांच्या हातात जाते आणि मुलींकडे वही. ‘तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही.’ हे कुणी वाईट हेतूनं करत नाही, पण दिवसाच्या शेवटी त्या मुलीनं फक्त दुसऱ्याच्या पुलाची नोंद केलेली असते. म्हणून गट तिघांचाच. काम तीन: बनवणं, वजन ठेवणं, नोंद. आणि दुसऱ्या प्रयत्नाला कामं सक्तीनं बदलायची. तुमच्याबरोबर एखादी बाई इंजिनियर येणार असेल तर तिला सूत्रसंचालनाला उभं करू नका, एखाद्या गटासोबत बसवा.

करिअर मार्गदर्शन, कृपया, टाळा. सहावीच्या मुलाला जेईई आणि पॅकेजच्या गोष्टी सांगून त्याला काहीच मिळत नाही. इंजिनियर म्हणजे कोण याची कल्पना मुलांकडे आधीच असते, ती कशी आहे ते बघायचं असेल तर सकाळी आल्या आल्या ‘काम करणाऱ्या इंजिनियरचं चित्र काढा’ एवढंच सांगा. ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत मेरेडिथ नाइट आणि क्रिस्टीन कनिंगहॅम यांनी २००४ मध्ये अशी चाचणी मांडली, आणि तिकडच्याही कित्येक मुलांच्या चित्रांत गाड्या, अवजारं आणि दुरुस्ती-बांधणीच दिसली. आपल्याकडे त्यात हेल्मेट आणि इमारत हमखास असते. संध्याकाळी त्याच कागदाच्या मागे पुन्हा चित्र काढायला सांगा. ‘कार्यक्रम आवडला का?’ या अर्जापेक्षा हे बरंच काही सांगतं. त्या अर्जात सगळे ‘हो’ लिहितात, शिक्षक मागे उभे असतात ना.

आणि पडद्यावर परदेशी रोबोट दाखवण्यापेक्षा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलवा. ट्रॉलीचा साटा, म्हणजे खालचा सांगाडा, वाकला तर तो नेमकी कुठे आधारपट्टी वेल्ड करतो आणि तिथेच का, हे त्याच्या तोंडून ऐकू द्या. त्याच्याकडे पदवी नाही म्हणून बिचकू नका. मुलांना तो माणूस रोज दिसतो, तुम्ही एकदाच दिसणार आहात.

यावरून पाबळचं सांगायलाच हवं. शिरूर तालुक्यात, चाकणहून फार लांब नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लीव्हरमधलं संशोधन सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, घर-आरोग्य अशी खरी कामं करायची, आणि तीही गावाला लागतात म्हणून करायची, असा तो अभ्यासक्रम. शिकवायला बरेचदा तिथलीच हातानं काम करणारी माणसं. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी (संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवायच्या कार्यशाळांपैकी) एक २००२ मध्ये तिथे आली. पण आधी वीसेक वर्षं करवत, कानस आणि वेल्डिंग मशीन होतं, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. कार्यक्रमाआधी तुम्ही सगळे एकदा तिथे जाऊन या. मला जे इतकं लिहून सांगावं लागतंय, ते तिथे अर्ध्या दिवसात दिसेल.

राहिले पैसे. किटऐवजी शाळेसाठी एक पेटी करा: कात्र्या, स्टीलच्या फूटपट्ट्या, एक चांगला वजनकाटा, स्प्रिंगचा काटा, दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, पक्कड, जाळीचे तुकडे, कागदाची रिमं आणि तुमचे नट. हरवलं तर नारायणगावच्या बाजारात परत मिळेल असंच सामान घ्या. पेटीला कुलूप लावू नका. ती वर्गात उघडी राहिली तर महिन्याभरात दोन कात्र्या जातील, जाऊ द्या. ज्या शिक्षकांना ती सोपवणार त्यांच्याशी कार्यक्रमाच्या आधी तासभर बसा आणि पुलाचा प्रयोग त्यांनाही करायला लावा, दोन्ही प्रयत्नांसह. नाहीतर ते दिवसभर मागे उभे राहून शिस्त सांभाळतात आणि तुम्ही गेल्यावर पेटीत काय आहे ते त्यांनाही ठाऊक नसतं. पैसे उरले तर दुसऱ्या भेटीच्या गाडीभाड्याला ठेवा. त्या भेटीत नवीन काही आणू नका. सत्रांच्या मधल्या दिवसांत मुलांनी पेटीतून काय काढलं, काय मोडलं, ते त्यांना सांगू द्या.

तारीख शाळेशी बोलून ठरवा. घटक चाचणीचा आठवडा नको, आणि शनिवार ठरवलात तर शाळा सकाळची असते, दुपारचं सत्र होणार नाही.